ढिली बाज

ज्या माणसानं आयटीआयच्या पोरांना जन्मभर खुर्च्या करायला शिकवलं, त्याच्या घरात एकही खुर्ची नव्हती. होत्या त्या बाजा. ओसरीत एक, अंगणात कडुनिंबाखाली एक, आत दोन आणि मला भाड्यानं दिलेल्या खोलीत एक. सगळ्या त्यांनीच केलेल्या, सगळ्या सुती दोरीनं विणलेल्या, आणि सगळ्या अशा ढिल्या की टेकल्याबरोबर माणूस झोळीत पडल्यासारखा मधोमध जायचा. दोघं बसले तर दोघंही मधोमध, खांद्याला खांदा अन् मांडीला मांडी. मला आधी वाटलं, म्हातारपणी हातातला जोर गेला असेल. मग मी एकदा बाजेचं लाकूड नीट पाहिलं. पायाच्या खाचेत दांडा असा बसलेला की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. इतकं नेमकं काम करणाऱ्याला दोरी ताणता येत नाही, हे काही माझ्या पचनी पडेना.

ढाणकीला मी आले ती शिक्षणसेविका म्हणून. शाळा तिथून पुढे एका खेड्यात. सकाळी काळीपिवळी जीप पकडायची, डब्यासकट कोंबून घ्यायचं आणि शाळेपाशी उतरायचं. खोली शोधायला निघाले तेव्हा घरमालकांनी माझी जी परीक्षा घेतली ती डीएडलाही कुणी घेतली नव्हती. लग्न कधी, भावाचं काय, मटण शिजवशील का, आडनाव काय, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव कोणतं, गावावरूनही नाही झाला तर मामाचं आडनाव काय. जातीनं मी सगळीकडे पास होत होते. एकटी पोरगी म्हणून नापास होत होते. या घरी आले तर म्हाताऱ्यांनी एकच गोष्ट विचारली, बाजेवर झोप येते का. मी म्हटलं, बाजेवरच वाढले. तर म्हणाले, मग आण तुझी पेटी. मी त्यांना काकाजी म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला काकू.

पेटी घेऊन बाबा आले होते. आमचं गाव महागाव तालुक्यातलं. नाल्याच्या अलीकडे आम्ही शेतीवाडीवाले, पलीकडे बौद्धपुरा. बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. पलीकडच्या माणसाला रातोरात खासरात, म्हणजे बैलगाडीत, घालून दवाखान्यात नेणारे गावात तेच होते. पण तंबाखू द्यायची झाली तर समोरच्याच्या तळहातावर वरून सोडायचे. असंच असते म्हणायचे, आणि विषय संपायचा. तर बाबांनी काकाजींच्या ओसरीत पाऊल टाकलं, भिंतीवरच्या दोन तसबिरी पाहिल्या आणि आले तसे उलट पावली अंगणात गेले. रामराम म्हणाले. काकाजींनी जयभीम घातला आणि बाज पुढं ओढली.

"बसा जी."

बाबा म्हणाले, गाडीचा टाईम झाला. काकूंनी पाणी आणलं तर म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. कुठं प्यायले होते देव जाणे, आम्ही दोघं एकाच एसटीतून उतरून थेट तिथंच आलो होतो. खोली चांगली आहे, भिंत उंच आहे, स्टँड जवळ आहे, एवढं त्यांनी उभ्या उभ्या पाहून घेतलं आणि निघाले. त्यांना सोडायला स्टँडवर गेले तर गाडीचा पत्ता नव्हता. बाबा उन्हात धोंड्यावर बसले. मला असा राग आला की सांगता सोय नाही. मी तिथंच विचारलं की बाजेला काटे होते का. बाबा धोंड्याकडे पाहत म्हणाले, राह्य तू तिथं, मी काही म्हणून राह्यलो का? फक्त मायला सांगताना आयटीआयचे सर म्हण, बाकी कायले सांगायचं. मी परत आले तेव्हा काकाजींनी ती बाज जागची हलवली नव्हती. पाण्याचा गडूही तसाच होता.

काकाजींचा दिवस खिळ्यांनी सुरू व्हायचा. जुने, वाकडे, गंजलेले खिळे एका टोपल्यात असायचे. सकाळी तोंड धुतलं की ते दगडावर एकेक खिळा ठेवून हातोडीनं सरळ करायचे. टक टक टक. गल्लीतल्या बायका त्या आवाजावर चूल पेटवायच्या. नवे खिळे काय महाग आहेत, असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू शाळेतलं पोरगं विकायला काढलंय. वाकला म्हणजे त्यानं काम केलं असं त्यांचं म्हणणं. सरळ राहिलेल्या नव्या खिळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचा चहा बशीत, बशी डाव्या हातात, आणि उजव्या हातात कायम काहीतरी घडत असायचं. कधी खुंटी, कधी लाटणं, कधी भोवरा. घरातल्या प्रत्येक दाराला त्यांनी केलेली लाकडी कडी होती, आणि ती कशी उघडते हे नव्या माणसाला कळायचं नाही. पहिल्या दिवशी मी न्हाणीत अडकून पडले होते.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे माणसाला बसवणं. त्या घरात कुणी उभं राहायचं नाही. वीजबिल वाटणारा असो, भाजीवाली असो, चंदा मागायला आलेली पोरं असोत, की शेजारची बाई वाटीभर साखरेला आलेली असो. आधी बस, मग बोल. भाजीवालीला डोक्यावरची टोपली उतरवून बसावं लागायचं, आणि एकदा त्या झोळीत गेली की उठवायला काकूंचा हात लागायचा. पोस्टमननं शेवटी अक्कल चालवली. तो सायकलवरूनच भिंतीपलीकडून कागद फेकायचा आणि पायडल मारायचा. गल्लीत त्यांना ढिले सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. काकूंचं स्वतःचं मत वेगळंच होतं. ह्यायले उभा माणूस दिसला की ह्यायच्या पोटात दुखते, असं त्या भाकरी थापता थापता सांगायच्या आणि वर म्हणायच्या, औषध नाही त्याले. दोरी ढिली आहे असं कुणी म्हटलं की काकाजींचं एकच उत्तर असायचं. सुती दोरी हाय, ढिली पडतेच.

एकदा मी शाळेतल्या पालकसभेची गंमत घरी सांगितली. मला ती गंमतच वाटली होती. दोन खुर्च्या, एकीवर हेडमास्तर, एकीवर सरपंच. गडीमाणसं सतरंजीवर. बाया दाराशी. आणि कोलामपोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीतल्या, बाया दाराच्याही बाहेर, व्हरांड्याखाली उन्हात उभ्या. काकाजी हातातलं लाटणं घासत राहिले. पुढच्या सभेला पाहते तर काळीपिवळीच्या टपावर बाज बांधलेली, आणि आतून काकाजी उतरताहेत. शाळेला भेट म्हणाले. भेट नाकारायची तर हेडमास्तरांची हिंमत नव्हती, कारण सरपंच समोर होते. मग उद्‌घाटन आलं. काकाजींनी हेडमास्तरांना बसवलं, सरपंचांना बसवलं, आणि बाहेर जाऊन माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या आईला, पोडावरच्या बाईला, हात जोडून बोलावून आणलं. गावाची बहीण मध्ये बसन म्हणाले. ती घाबरत टेकली आणि दोन्ही बाजूंनी हेडमास्तर आणि सरपंच तिच्यावर घसरत आले. हेडमास्तरांचा चष्मा निसटला. सगळी शाळा हसली. ती बाईही हसली, आणि हसता हसता, एवढ्या जवळ साहेबाचा कान आलाच आहे म्हणून की काय, म्हणाली की खिचडी रोज करपते, पोरगी घरी येऊन पाणीच पाणी पिते.

बाज दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत गेली. खिचडी मात्र बरेच दिवस बरी होत होती.

मी सरळ विचारलं ते दिवाळीच्या सुट्टीआधी. अंगणात नव्या बाजेचं काम चाललं होतं. ते दोरी ओढायचे आणि मग जाणूनबुजून वीतभर सोडून द्यायचे. माझ्या डोळ्यादेखत. म्हटलं काकाजी, तुम्हाला ताणता येतं, मग ही थट्टा कायले? ते थांबले. दोरीचं टोक पायाखाली धरलं आणि बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"माह्या बापानं गावातल्या साऱ्या बाजा विनल्या. बाज विनली का विननारा आधी बसून पाह्यते, हे तं तुले माहीत हाय. माहा बाप हातानं दाबून पाहे. मंग मालकाचं पोट्टं येऊन त्याच्यावर बसे, उड्या मारे, अन् सांगे का बरी झाली म्हून. साऱ्या गावाले त्यानं झोपवलं. बसला एकीवरबी नाही."

मी विचारलं, आणि घरच्या बाजेवर?

"घरच्या बाजेवर बसे. पन रस्त्यानं कोनी मोठा मानूस चालला का उठे. धम्म घेतला तरी उठे. म्हने, मी नाही उठत रे, पायच उठतात. माह्या भावाचंबी आता तेच हाय. मंग मले समजलं. कडक बाजेवरून मानूस पटकन उठते. ढिलीवरून उठाले टाईम लागते. तेवढ्यात जानारा निघून जाते."

एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागले. मी आत जाऊन खूप वेळ उगाच तांदूळ निवडत बसले. मला बाबांचा धोंडा आठवत होता.

त्यांचा मोठा भाऊ गावीच राहायचा. दुसऱ्याच्या वावरात सालदारी करून म्हातारा झालेला, उंच, वाकलेला, कमी बोलणारा. काकाजी जगात कुणावर चिडत नसत, या भावावर मात्र चिडायचे. भाऊ यायचा, बाजेच्या कडेला जेमतेम टेकायचा, लाकडाच्या दांड्यावर, म्हणजे झोळीत जायला नको. आणि फाटकातून जरा बऱ्या कपड्यातला माणूस आला, मग तो विम्याचा एजंट का असेना, की हे उभे. काकाजी ओरडायचे, भाऊ, बस! भाऊ बसायचे, आणि पुढच्या माणसाला पुन्हा उठायचे. आपल्या घरात कुणी उभं राहू नये आणि बसलेल्यानं कुणासाठी उठू नये, एवढाच त्या माणसाचा जगाकडं हट्ट होता. तो त्यांच्या सख्ख्या भावावरच चालत नव्हता, आणि माझ्या बापावरही नाही.

बाबा यायचे ते कापसाच्या दिवसांत. ती वर्षं कापसाची वाईट होती. घरात आढ्याला टेकेल इतका कापूस भरलेला, अंगाला खाज, आणि भाव विचारावा तर व्यापारी दुसरीकडे पाहणार. बाबा गाडी भरून ढाणकीच्या कापूस खरेदी केंद्रावर आणायचे, रांगेत लावायचे, आणि नंबर लागेपर्यंत माझ्याकडे जेवायला यायचे. माझ्या खोलीत यायला त्यांना अडचण नव्हती. ती लेकीची खोली होती. माझ्या हातचं जेवायचे, फरशीवर पोतं टाकून बसायचे. अंगणात मात्र उभेच. कडुनिंबाला हात लावून उभे राहायचे आणि काकाजी दरवेळी बसा जी म्हणायचे, आणि गाडीचा टाईम व्हायचा. काकू माझ्याकडे पाहायच्या नाहीत. ते मला जास्त लागायचं. एकदा मी काकाजींना म्हटलं की आता तरी नका म्हणत जाऊ त्यांना. तर म्हणाले, म्हनाचं काम माह्यं हाय, बसाचं त्याहचं.

आता बाबांची एक खोड सांगायला हवी. आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ढिली बाज सहन होत नाही. ढिली बाज म्हणजे आळशी घर. दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेलेला माणूसही चहा येईपर्यंत पायथ्याच्या दोऱ्या ओढून देतो, आणि त्याचा राग कुणी मानत नाही. बाबांचं तर ते व्यसन होतं. आमच्या घरच्या बाजा वाजवल्या तर ढोलकीसारख्या वाजतील. असा माणूस काकाजींच्या अंगणात त्या झोळीसमोर किती वेळा उभा राहिला असेल. नजर जायची, वळायची, पुन्हा जायची. मी पाहत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, सोसा.

त्या दिवशी दुपार झाली तरी गाडीचं माप होत नव्हतं. आज होते का उद्या, कुणी सांगत नव्हतं. बाबा जेवले आणि कडुनिंबाखाली येऊन उभे राहिले. काकाजी ओसरीत खिळे ठोकत बसले होते. बसा जी म्हणून झालं होतं, राहू द्या म्हणूनही झालं होतं. बराच वेळ नुसती टक टक. मग बाबांच्या तोंडून निघालंच. सर, तुमच्यासारख्या कारागिराची बाज अशी काहून? काकाजी म्हणाले, सुती दोरी हाय, ढिली पडतेच.

बाबा खाली बसले. बाजेवर नाही, बाजेच्या पायथ्याशी, उकिडवे. गाठ सोडली. दांड्याला टाच लावली आणि पहिला वेढा खसकन ओढला. पण दोरी एकट्यानं ओढून भागत नाही. ओढलेली परत जाऊ नये म्हणून दुसरा धरणारा लागतो. बाबांनी वर न पाहताच सांगितलं, धरा जरा इकून. काकाजी हातोडी ठेवून आले आणि समोर बसले. एक ओढतोय, एक धरतोय, वेढ्यामागून वेढा. काकू पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मी माझ्या दारात. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहरा असा सैल झाला होता की त्या हंगामात तसा मी पाहिला नव्हता. कापसाचं त्यांच्या हातात काही नव्हतं. हे होतं.

शेवटची गाठ मारली. आणि मग बाबांनी दोन्ही हातांनी बाज दाबून पाहिली. नुसती दाबली. उठून धोतराला हात पुसले.

काकाजी त्या हातांकडे पाहत होते. ते कशाकडे पाहत होते हे मला माहीत होतं आणि बाबांना माहीत नव्हतं. काकाजी अगदी हळू बोलले.

"हातानं समजत नाही जी. विननाऱ्यानं बसून पाहा लागते."

बाबा उभेच राहिले. माझ्याकडे पाहिलं. गाडीचा टाईम झाला म्हणाले असते तर मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलले नसते, हे मी आज शपथेवर सांगते. पण काम अर्धं ठेवणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि बाज बसून पाहिल्याशिवाय पुरी होत नाही. बाबा बसले. सवयीनं बसतात तसे, धपकन. या टोकाला सरकले, त्या टोकाला सरकले, दोनदा उसळून पाहिलं. आता झाली म्हणाले.

काकूंनी पाणी आणलं. बाबा ते गटागटा प्यायले आणि गडू परत देताना आणखी मागितलं. काकाजी बाजेच्या दुसऱ्या टोकाला टेकले. बाज आता एवढी कडक की दोघांच्या मध्ये आणखी दोन माणसं बसली असती. ज्या दिवशी माणूस बसला त्याच दिवशी सरांची करामत मोडली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला. गाडीचं माप दुसऱ्या दिवशी झालं. बाबा त्या संध्याकाळी अंगणातच बसून होते.

पुढच्या खेपेला बाबा येणार असं मी काकाजींना सांगितलं. सकाळी दार उघडते तर काकाजी पायथ्याशी बसून गुपचूप दोऱ्या सोडताहेत. मला पाहिलं आणि चोरी पकडलेल्या पोरासारखे खिळ्यांच्या टोपल्याकडे गेले. दुपारी बाबा आले, बाजेकडे पाहिलं आणि म्हणाले, पुन्हा ढिली पडली? काकाजी म्हणाले, सुती दोरी हाय. बाबा बसले पायथ्याशी, काकाजी समोर, आणि सुरू. असं मग दरवेळी. बाबांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. दोरी आपोआप इतकी सैल होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? एकदा तर त्यांनी घरून अंबाडीची दोरी वळून आणली, चांगली गुंडी भरून. ही लावा, ही हूं की चूं करणार नाही. काकाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, खुंटीला टांगली, लावतो म्हणाले. ती तिथंच टांगलेली राहिली. बाबा येता जाता तिच्याकडे पाहायचे आणि सुती दोरी ओढायचे. आईलाही त्यांनीच सांगून टाकलं. सर मोठा गुणी माणूस, पण बाज लय ढिली ठेवते. आईनं मला फोनवर विचारलं, कोण सर गं, कुठले? मी म्हटलं, बाबांना विचार.

एका वर्षी गावी आमच्या गल्लीत, तीन घरं सोडून, फार वाईट झालं. त्या वर्षांत गावोगाव जे होत होतं तेच. बाबांच्या बरोबरीचा, कर्जात बुडालेला माणूस. दिवस झाल्यावर बाबा एकदा ढाणकीला आले. कापूस नाही, काम नाही, मला निरोपही नाही. मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर काकूंनी सांगितलं, तुझे बाबा येऊन गेले. काय म्हणाले विचारलं. तर म्हणाल्या, काहीच नाही बोलले बाई, दोघंही नाही बोलले. घरातल्या साऱ्या बाजा ओढून गेले. माझ्या खोलीतलीसुद्धा. मी हात लावून पाहिली तर दगडासारखी झाली होती. काकाजींनी त्या रात्रीच काय, नंतर कितीतरी दिवस एकही बाज सोडली नाही.

मग माझी बदली यवतमाळजवळ झाली, लग्न झालं, जाणं कमी झालं. बाबांचं जाणं मात्र चालू होतं. मला ते फोनवर सांगायचे की परवा ढाणकीला गेलतो, बाज ओढून आलो. भाड्याची खोली सुटली तरी नातं सुटलं नाही, ते माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं. याचा मला थोडा हेवाही वाटायचा.

काकाजी गेल्याचा फोन काकूंनीच केला. बाबांना कळवलं तर त्यांना आधीच माहीत होतं. गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी ढाणकीच्या स्टँडवर उतरले तेव्हा बाबा त्याच धोंड्याशेजारी उभे होते, पांढरं धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं. एकट्यानं जायला बरं वाटेना म्हणाले. आम्ही दोघं चालत गेलो.

अंगण माणसांनी भरलेलं. कुणीतरी मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मला त्या पाहून वाईट वाटलं. कडुनिंबाखाली ती बाज होती, आणि बाबांनी शेवटच्या खेपेला ओढून ठेवली होती तशीच, ताठ. त्यानंतर काकाजी अंथरुणाला लागले होते. सोडायला कुणी उरलं नव्हतं. बाजेवर एकटा त्यांचा भाऊ बसला होता, आणखी वाकलेला. बाबांची टोपी आणि धोतर फाटकात दिसलं आणि म्हातारा ताडकन उठला. कडक बाजेवरून माणूस पटकन उठतो. उठून भिंतीला जाऊन लागला आणि हात जोडले.

बाबा म्हणाले, बसा. भाऊ म्हणाले, नाही जी, तुम्ही बसा. बाबा म्हणाले, तुम्ही आधी. भाऊंनी मान हलवली आणि भिंतीशी आणखी मागं सरकले.

बाबांनी बाजेकडे पाहिलं. मग पायथ्याशी उकिडवे बसले आणि गाठ सोडली. आजूबाजूच्यांना वाटलं म्हातारा बाज ओढून देतोय. मलाही तसंच वाटलं, आणि मनात आलं, आज तरी राहू द्यायचं होतं. पण बाबा ओढत नव्हते. एकेक वेढा धरून सैल सोडत होते. वीतभर, आणखी वीतभर, शेवटच्या वेढ्यापर्यंत. गाठ मारली. मग भिंतीपाशी गेले, भाऊंचा हात धरला, बाजेवर आणून बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. दोघं म्हातारे घसरत मध्ये आले, खांद्याला खांदा लागला.

माझ्या बाबांचा आणि काकाजींचा असा खांद्याला खांदा कधी लागला नव्हता. बाज दरवेळी ताठ व्हायची ना.

तेवढ्यात फाटकातून कुणी पुढारी आले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं दोनचार माणसं. भाऊंचे पाय जमिनीवर धडपडले. त्यांनी दांडा धरायला हात लांबवला, तो पोचेना. बाबांचा भार त्यांच्या अंगावर होता आणि बाबा इंचभर हलले नाहीत.

"राहू द्या भाऊ," बाबा म्हणाले. "सुती दोरी हाय, ढिली पडतेच."

भाऊंनी आणखी एकदा जोर करून पाहिला. तोवर तो माणूस आत निघून गेला होता.